निम्मी भक्तमंडळी कुंपणापलीकडे

सोलमध्ये आन्गुक स्टेशनला मेट्रो थांबलीच नाही. ४ एप्रिल २०२५, शुक्रवार, लाइन ३ ची गाडी, मी बॅग घेऊन दाराशी उभा आणि गाडी आपली रिकामा प्लॅटफॉर्म मागे टाकून सरळ पुढे. शेजारच्या एका पोराने माझा चेहरा बघून फोनवर बातमी दाखवली, स्टेशन दिवसभर बंद. कारण तिथून चालत पाच मिनिटांवर कोरियाचं संविधान कोर्ट आहे आणि त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल राहणार की जाणार याचा निकाल होता. ऑफिसने त्याच कारणासाठी सगळ्यांना घरून काम दिलेलं, आणि मी शहाणा म्हटलं चला, आयती सुट्टी मिळाली तर देऊळ बघून घेऊ, चॉन्दोग्यो नावाच्या कोरियन धर्माचं. माझं देऊळ नेमकं त्याच स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला.

पुढच्या जोंगनो ३-गाला उतरून चालत निघालो तर पोलिसांच्या बस एकाला एक चिकटवून लावलेल्या, अक्षरशः बसची भिंत. शेवटी एका गल्लीत काल्गुक्सूच्या, म्हणजे हाताने कापलेल्या शेवयांच्या खानावळीत शिरलो. आत टीव्ही सुरू होता, कोणी खात नव्हतं. ११ वाजून २२ मिनिटांनी न्यायमूर्तींनी शेवटचं वाक्य वाचलं, आठच्या आठ न्यायाधीश एका बाजूला, युन पदावरून गेले. दोन टेबलांवर टाळ्या, एका टेबलावरचे आजोबा उठून पैसे देऊन गेले, शेवया अर्ध्या तशाच.

हे सगळं कशावरून सुरू झालं तर ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री युन यांनी टीव्हीवर येऊन मार्शल लॉ जाहीर केला. कारण काय दिलं, तर उत्तर कोरियाच्या बाजूच्या देशद्रोही शक्ती मोडून काढायच्यात. संसदेने काही तासांत १९० विरुद्ध ० मतांनी तो उठवायला लावला ती गोष्ट वेगळी, पण मला त्या कारणाची गंमत वाटली होती. फाळणीला ऐंशी वर्षं झाली आणि अजूनही इथे राजकारणात कोणाला झोडायचं असेल तर पहिली शिवी तीच, उत्तरेचा माणूस. माझ्यासोबत फिरणारी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, तुझ्या त्या गुरूच्या लोकांना विचार, त्यांनी ही शिवी सगळ्यात जास्त खाल्ली असेल.

तर आता गुरूबद्दल, म्हणजे या धर्माच्या संस्थापकाबद्दल. कोरियन गुरू म्हटलं की आपल्याकडे कोणाला आठवलाच तर तो हजारो जोडप्यांची एकदम लग्नं लावणारा मून आठवतो, जो १९९१ मध्ये प्योंगयांगला जाऊन उत्तर कोरियाचा हुकूमशहा किम इल-संगला भेटूनही आला. मी म्हणतोय तो त्याच्याही आधीचा, १८२४ ला जन्मलेला छ्वे जे-उ, भक्तांमध्ये सुउन. त्याचं गाव बघायला मी आदल्या वीकेंडला ग्योंगजूला गेलो होतो. गावाबाहेर गुमी डोंगराच्या घळीत योंगदाम म्हणून जागा आहे, टॅक्सीवाल्याला पण दोनदा सांगावं लागलं कारण ग्योंगजूला येणारा प्रत्येक जण बौद्ध मंदिरं बघायला येतो. दारातच सुउनचा पुतळा, मग ओढ्याकडेने चढत जाणारी वाट आणि वर एक छोटंसं कौलारू घर. बस. मी होतो तेवढ्या वेळात एक बाई आली, वाकून नमस्कार करून गेली, बाकी पाण्याचा आवाज.

सुउनची आई विधवा, पुनर्विवाह झालेली, आणि त्या काळच्या जोसन राज्यात अशा बाईच्या मुलाला सरकारी परीक्षेला बसायची बंदी. म्हणजे बाप पंडित, पोरगा हुशार, पण दार बंद. वर्षानुवर्षं भटकला, धंदा करून बघितला, मग या घळीत येऊन बसला आणि १८६० च्या एप्रिलमध्ये त्याला साक्षात्कार झाला. त्याने सांगितलं ते एका वाक्यात मावतं, प्रत्येक माणूस आपल्या आत स्वर्गाला वागवतो. याला ते शीचॉन्जू म्हणतात. आणि नुसतं बोलून थांबला नाही, घरात दोन दासी होत्या त्यांना मोकळं केलं, एकीला सून करून घेतलं आणि दुसरीला मुलगी मानलं. हे १८६० च्या दशकात, जिथे गुलाम विकत मिळायचे तिथे. (मंत्राचा कागद जाळून राख पाण्यातून पाजायचा पण प्रकार होता, आमच्या अंनिसवाल्या मित्रांनी नोंद घ्यावी, मी लपवत नाहीये.)

पण मला त्याच्यातला राजकारण वाचणारा माणूस जास्त भावला. त्याच १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजा बीजिंगमध्ये घुसल्या आणि सुउनने लिहून ठेवलं की चीन पडला तर आपलं काय, ओठ गेल्यावर दातांचं काय होतं? आजूबाजूचे दांडगे एकमेकांशी भिडणार आणि चेंगरणार आपण, हे त्याला घळीत बसून दिसत होतं. म्हणून पंथाचं नाव दोंगहाक, पूर्वेची विद्या, पश्चिमेच्या विद्येला म्हणजे कॅथलिक धर्माला उत्तर म्हणून. आणि नशीब बघा, दरबाराने त्याला पकडलं तेव्हा त्याच्यावर आरोप ठेवला तो हाच, की हा नाव बदलून पश्चिमेचीच विद्या शिकवतोय! १८६४ मध्ये देगू शहरात, जिथे कॅथलिकांना मारायचे तिथेच त्याचंही मुंडकं उडवलं. देगूच्या दालसॉंग पार्कात त्याचा पुतळा आहे, मी गेलो तेव्हा पुतळ्याच्या सावलीत दोन म्हातारे बसले होते आणि शाळेची पोरं पुतळ्याकडे ढुंकूनही न बघता प्राण्यांचे पिंजरे बघायला पळत होती.

त्याच्यामागे गादीवर आला छ्वे शी-ह्यॉंग, तो तीसेक वर्षं लपतछपत फिरला. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. एका शिष्याच्या घरी गेला असताना मागे हातमागाचा आवाज येत होता, विचारलं कोण विणतंय, शिष्य म्हणाला माझी सून. तर हा म्हणे, सून विणतेय की देव विणतोय? आता हे ऐकून मराठी माणसाला जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठोबा आठवणार नाही तर काय.

मग १८९४. याच दोंगहाकचे शेतकरी जॉन बोंग-जुनच्या मागे उठले, ते दाबायला दरबाराने चीनची फौज बोलावली, चीन आला म्हणून जपान आला, आणि ते दोघं कोरियाच्या अंगणात भिडले. ओठ आणि दात. शेतकरी सोलच्या वाटेवर गॉंगजूजवळ उगुमछी खिंडीत मशीनगनसमोर संपले. त्या खिंडीत १९७३ ला हुकूमशहा पार्क चुंग-हीच्या राजवटीत स्मारक उभं राहिलं आणि त्यावर त्याच्या लष्करी उठावाचं कौतुक पण कोरलं गेलं, आणि लोकांनी नंतर नेमके तेवढेच शब्द आणि त्याचं नाव खरवडून टाकलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये युनच्या विरोधात दक्षिणेतून शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर निघाले त्यांनी स्वतःला जॉन बोंग-जुनचंच नाव दिलं होतं. सोलच्या वेशीवर नामथेर्योंग चढावर पोलिसांनी अडवले, तर रात्रभर कडाक्याच्या थंडीत शहरातल्या कॉलेजच्या पोरी पॉप कॉन्सर्टच्या लाइटस्टिक घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसल्या, दुसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली. मैत्रीण त्या रात्री तिथे होती. म्हणाली, पाय बधिर झाले होते पण घरी जावंसं वाटत नव्हतं.

शनिवारी उत्तरेच्या सीमेजवळच्या इमजिनगाकला गेलो. सगळे टुरिस्ट जातात तिथे, त्यामुळे थोडक्यात: काटेरी कुंपण, त्यावर हजारो रिबिनी, गोळ्यांनी चाळण झालेलं एक रेल्वे इंजिन, आणि उत्तरेत घर राहिलेल्यांनी सणासुदीला तिकडे तोंड करून वाकण्यासाठी बांधलेला एक चौथरा. शेजारीच लहान मुलांचे पाळणे आणि पाळण्यांची गाणी. मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे मला तिथे आठवले आमचे जनरल शंकरराव थोरात, १९५३-५४ मध्ये याच पट्ट्यात कोरियन युद्धातले, घरी परत जायला नकार देणारे कैदी सांभाळायला भारतीय फौज होती तिचे ते प्रमुख. त्या कैद्यांतल्या ८८ जणांनी कोणतीच बाजू नको असं म्हटलं आणि ते बोटीने चक्क भारतात आले. मैत्रिणीला हे सांगितलं तर तिला माहीतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे तरी किती जणांना माहीत आहे.

रविवारी सकाळी आन्गुक उघडं होतं आणि एकदाचा देवळात पोचलो. देऊळ म्हणायचं पण दिसायला चर्च, लाल विटा, मधे मनोरा, १९२१ चं बांधकाम, आणि आर्किटेक्ट जपानी. जपानी राजवटीतच बांधलं, आणि बांधायला गोळा केलेल्या पैशातला मोठा भाग १९१९ च्या १ मार्चच्या स्वातंत्र्य चळवळीत गेला. पंथाचं नाव तोवर चॉन्दोग्यो, स्वर्गाच्या वाटेचा धर्म झालं होतं आणि त्या जाहीरनाम्यावरच्या ३३ सह्यांपैकी १५ यांच्या. रस्त्यापलीकडे उनह्यॉन महाल आहे, ज्याच्या कारभारात सुउनचं डोकं उडवलं त्या राजप्रतिनिधीचं घर. समोरासमोर. तिकडे पारंपरिक कपडे भाड्याने घालून फोटो काढणाऱ्यांची गर्दी, इकडे आत शंभरेक लोक, बहुतेक पांढऱ्या केसांचे. मोठा हॉल, मधे एकही खांब नाही, त्यामुळे रिकामे बाक लपत नाहीत.

लोक एकमेकांना भेटल्यावर आधी म्हणतात मोशीगो, म्हणजे साधारण, आत वागवून. कोणाला ते विचारायचं नाही, कळलेलं असतं. ११ वाजता पुढे टेबलावर ठेवलेल्या वाडग्याचं झाकण उचललं, आत नुसतं स्वच्छ पाणी. फूल नाही, धूप नाही, मूर्ती तर नाहीच. मग २१ अक्षरांचा मंत्र सगळे पुटपुटायला लागले, त्याची एक संथ घरघर हॉलभर. प्रवचनात युनचं नाव कोणी घेतलं नाही. पण मैत्रीण कानात म्हणाली, त्यांनी आत्ता ‘समोरच्यातही तोच आहे’ हे चार वेळा म्हटलं.

२०१५ च्या जनगणनेत दक्षिणेत यांची संख्या सुमारे ६६ हजार निघाली. एवढे कमी का, याचं एक मोठं कारण फाळणी. जपानी काळात बहुतेक अनुयायी प्योंगान आणि हामग्योंगचे, म्हणजे आत्ताच्या उत्तरेचे. १९४५ ला अमेरिकन आणि रशियनांनी ३८ व्या अक्षांशावर रेघ मारली आणि डोकं सोलमध्ये, धड पलीकडे राहिलं. उत्तरेत यांचा पक्षसुद्धा निघाला, १९४६ ला, चोन्गू पक्ष, संसदेत थोड्या खुर्च्यांसाठी शोभेला ठेवलेला. १९४८ मध्ये मात्र तिथल्या लोकांनी दोन वेगळी सरकारं नकोत म्हणून १ मार्चला पुन्हा रस्त्यावर उतरायचं ठरवलं होतं, ते आधीच फुटलं आणि धरपकड झाली.

आणि इकडचं बघा. १९६७ ला दक्षिणेत या धर्माचा प्रमुख झाला छ्वे दक-शिन, एके काळचा जनरल. कोण जनरल, तर १९५१ मध्ये कम्युनिस्टांना साथ देता म्हणून गॉचांगचे सातशेच्या वर गावकरी ज्या डिव्हिजनने मारले तिचा कमांडर. नंतर परराष्ट्रमंत्री, राजदूत. पुढे पार्कशी बिनसलं, अमेरिकेला गेला, आणि १९८६ मध्ये हाच माणूस प्योंगयांगला राहायला गेला! त्याचे वडील किम इल-संगचे शाळेतले मास्तर, त्यामुळे स्वागत जोरात. तो वारल्यावर बायको तिथल्या चोन्गू पक्षाची प्रमुख झाली, २००० साली ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटीसाठी उत्तरेचं शिष्टमंडळ घेऊन सोलला आली आणि इथे मागे राहिलेल्या स्वतःच्या मुलांना भेटून परत गेली. २०१९ ला मुलगाही तिकडे गेला. मला यात सुउन कुठे दिसत नाही. दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांचं बंड हवंय, ते पोस्टरवर छान दिसतं, पण प्रत्येकाच्या आत स्वर्ग म्हटलं की तुरुंगातल्या माणसाच्या आत पण आला, आणि ते कोणाला परवडणार?

प्रार्थनेनंतर तळघरात जेवण होतं, भात, सोयाबीन पेस्टचं सूप, किमची. आमच्या समोर एक आज्जी बसली, १९३९ चा जन्म, प्योंगानची. मैत्रिणीने माझी ओळख करून दिली तर आज्जीने आधी माझ्या ताटात अजून भात वाढला. तिचे वडील १९४८ च्या त्या धरपकडीत गेले. १९५० च्या डिसेंबरात चिनी फौजा उतरल्यावर आई दोन पोरांना घेऊन दक्षिणेला निघाली, वडील तुरुंगात आहेत एवढंच माहीत. यांच्यात एक रीत आहे, सॉंगमी, भात लावताना घरातल्या दर माणशी एक चमचा तांदूळ बाजूला काढायचा आणि महिन्याने देवळात द्यायचा. बुसानला निर्वासितांच्या झोपडीत आई अमेरिकन मदतीच्या तांदळातून सॉंगमी काढायची आणि माणसं तीन असताना चमचे चार. धाकटा भाऊ भुकेने रडायचा, तरी चार.

मी विचारलं, आता? आज्जी हसली. आता कोण तांदूळ मोजतंय, देवळाच्या खात्यावर पैसे पाठवायचे, नातीने फोनवर लावून दिलंय. मग मैत्रिणीकडे वळून हळूच काहीतरी म्हणाली आणि परत सूप प्यायला लागली. बाहेर आल्यावर मी विचारलं काय म्हणाली, तर म्हणे, आज्जी एकटी राहते, पण दर महिन्याला दोघांचे भरते.