दमट हवेत पिल्लांखाली काय अंथरायचं? माझा अनुभव

ब्रूडरमध्ये, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना ऊब देण्याच्या जागेत, बल्ब किती उंचीवर टांगायचा हे विचारलं की चार जण सांगायला पुढे येतात. खाली काय अंथरायचं विचारलं की मात्र "टाका काहीतरी" एवढंच उत्तर मिळतं. वनराजा जातीच्या कोंबडीची एक दिवसाची पिल्लं ऐन श्रावणात गोराईला आणायची ठरली, तेव्हा मला घोर लागला होता तो या "काहीतरी"चा. आमच्या पडवीत शहाबादी लादी आहे आणि पावसाळ्यात तिला दिवसभर ओल असते. एवढ्याशा पिल्लाला सुरुवातीचे दिवस स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. वरून पहिल्या आठवड्याची ३५ अंशांची ऊब दिली, पण पोटाखालची जमीन गार राहिली, तर ती पिल्लं गठ्ठ्यानं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

सासूबाई म्हणाल्या, "गोणपाट टाक, घरात पडलंय." पण गोणपाटाच्या सुतळीत पिल्लांची नखं अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय दुखावतो. नवऱ्यानं रद्दी काढून ठेवली होती. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, सांधे अजून कच्चे असतात, त्यामुळे दोन्ही पाय बाजूंना फाकून पिल्लू उभंच राहू शकत नाही. शेजारच्या काकांनी किनाऱ्यावरची वाळू सुचवली. ती खारट, हवेतली ओल ओढून घेणारी, आणि पिल्लं तिच्यात चोच मारणारच.

लाकडाच्या भुशाचा मी बराच विचार केला. रंध्यातून निघणारा जाड, कोरडा भुसा ओल छान शोषतो. पण ओशिवऱ्याच्या फर्निचर दुकानांत चौकशी केली तर जास्त काम प्लायवूड आणि एमडीएफचं. त्या भुशात डिंक-रसायनं असतात, शिवाय तो पिठासारखा बारीक. पिल्लं तो खाद्य समजून खातात आणि त्याची धूळ त्यांच्या छातीत जाते. तो नको म्हणजे नकोच.

शेवटी भाताचं तूस, म्हणजे तांदळावरचं टरफल, ठरलं. वाडा तालुक्याकडे भाताच्या गिरण्या आहेत. तिथल्या नातेवाइकांनी पोती भाईंदरपर्यंत पोचवली आणि तिथून उत्तनच्या रस्त्यानं ती घरी आली. तूस लवकर कुजत नाही, हलकं असतं, लादी आणि पिल्लू यांच्यामध्ये चांगली गादी होते. पण पोतं बघून घ्यायला हवं, आणि हे मी कळकळीनं सांगते. हात कोपरापर्यंत आत घालायचा. मधलं तूस गरम किंवा ओलसर लागलं, कुबट वास आला, तर ते पोतं परत. बुरशी आलेल्या तुसाचे कण श्वासातून आत गेले की पिल्लं चोच उघडी टाकून धापा टाकतात, आणि मग फारसं काही हातात राहत नाही. एका पोत्याचा तळ मला संशयास्पद वाटला. तो सरळ बागेत नारळाच्या बुंध्याशी टाकला.

दोन इंच जाडीचा थर दिला. त्यावर पहिले काही दिवस खोक्याचा नालीदार पुठ्ठा, वरचा गुळगुळीत कागद सोलून, नाल्या वर करून. पायाला पकड मिळते, खाद्य त्यावर भुरभुरलं की पिल्लांना ते दिसतं आणि ती तूस खात बसत नाहीत. खाद्याचं भांडं ओळखू लागली की पुठ्ठा काढला.

एक उणीव आहे: तूस जाड भुशाइतकं पाणी शोषत नाही. म्हणून पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं, आणि भोवतालचं भिजलेलं तूस रोज उचलून कोरडं घातलं. बाकीचं सकाळ-संध्याकाळ हातानं खालवर करायचं. मूठभर दाबून बघायचं. गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त आहे. ओल्या गादीत रक्ती हगवण फोफावते आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो वास उभ्यानं कळत नाही, पिल्लांच्या उंचीला नाक नेऊन बघावं लागतं. डोळ्यांना झोंबलं की त्याच वेळी तूस बदलायचं, उद्यावर टाकायचं नाही.

उरलेली पोती आता पडवीत नाहीत. माळ्यावर फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर दूर रचली आहेत, कारण पुढची पिल्लं येईपर्यंत ती कोरडी राहायला हवीत.