खाऊचे पैसे

नऊ वर्षांच्या लेकीला सध्या 'श्यामची आई' वाचून दाखवतेय. पुस्तकातली एक रात्र, आमचीही एक. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे सगळं पाचेक दिवसांत लिहून काढलं. आमच्याकडे मात्र मध्येच गृहपाठ, मध्येच सर्दी.

काल कोटाची गोष्ट होती. श्याम दापोलीला शिकतोय, पालगडच्या घराला कर्जानं ग्रासलंय. धाकट्या भावाला कोट नाही, म्हणून हा खाऊचे पैसे साठवून कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीला भरपावसात चालत घरी निघतो. माझा आवाज नेहमीच्या जागी दाटून आला.

लेक म्हणाली, "म्हणजे त्यानं किती दिवस खाऊ खाल्ला नाही?"

मी डोळे पुसतेय आणि ही हिशेब करतेय! पुढे कोट बघून आईला आधी शंकाच येते, की पैसे आणले कुठून? ते मात्र लेकीला एकदम पटलं. "बरोबरच आहे. त्यानं पुस्तकासाठी पाहुण्यांचे पैसे चोरले होते ना!"

म्हणूनच मला श्याम आवडतो. एरवी गोष्टींतली गरीब मुलं फार शहाणी असतात. भूक लागली तरी हसतात, हट्ट म्हणून करत नाहीत. श्याम चोरी करतो, पोहायला नको म्हणून माळ्यावर लपतो, मारही खातो. मग त्याच पोरानं कोट आणला की तो खरा वाटतो.

मी तिच्याएवढी असताना बाबांचं काम काही महिने सुटलं होतं. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, पण चहातलं दूध कमी झालं आणि आईचं "पुढच्या महिन्यात बघू" वाढलं. शाळेच्या सहलीचा कागद मी दप्तरातच ठेवला. विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मला बस लागते." त्यागबिग काही नव्हता त्यात. उलट आपल्याला मोठ्यांचं गुपित कळलंय, याची गंमतच वाटत होती. सहलीच्या दिवशी मात्र धाकट्या भावाला विनाकारण धपाटा घातला. ते कुठल्या गोष्टीत बसवायचं?

हे सगळं लेकीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. दिवा मालवल्यावर पांघरुणातून आवाज आला, "आई, बाबांचं ऑफिस बंद पडलं तरी मी सहलीला जाणार हं. आधीच सांगून ठेवते."