माझे सहा दिवस ऑक्टोबरमध्येच खर्च झाले होते

पोर्तुगालमधल्या एव्होराच्या चौकात कॉफी घेत मी आमच्या युरोपातल्या मुक्कामाचे दिवस तिसऱ्यांदा मोजले आणि तिसऱ्यांदाही उत्तर 96 आलं. यायला हवं होतं 90. समोर नवरा निवांतपणे दुसरा पश्तेल द नाता, म्हणजे तिथला कस्टर्ड टार्ट, संपवत होता.

"तुझे किती होतात?" मी विचारलं.

"नव्वद. व्हिसावर लिहिलंच आहे की."

त्याच्या व्हिसावर लिहिलं होतं. माझ्या पासपोर्टवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि घोळ तिथेच झाला.

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. मी बऱ्याच वर्षांपूर्वी ब्रिटिश पासपोर्ट घेतला, नवऱ्याने भारतीयच ठेवला. त्यामुळे आमच्या घरात युरोपच्या सहलीची तयारी म्हणजे तो बँकेची स्टेटमेंट्स, हॉटेलची बुकिंग्ज आणि 30,000 युरोचा विमा गोळा करणार, आणि मी फक्त बॅग भरणार. 2020 संपेपर्यंत हे असंच चाललं. ब्रेक्झिटमुळे 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटिश पासपोर्टवाले शेंगेनसाठी, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटासाठी, परके झाले. व्हिसा लागत नाही, पण कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. एक फायदा झाला म्हणायचा, आता आम्ही दोघं एकाच रांगेत उभे राहतो.

बेत साधा होता. 3 जानेवारी 2025 ला बोटीने स्पेनच्या सांतांदेर बंदरात गाडीसकट उतरायचं, सालामांका, मेरिदा, लिस्बन, मग पोर्तुगालच्या दक्षिणेला ताव्हिराला ऊन खात बसायचं, आणि 2 एप्रिलला परतीची बोट. जानेवारीचे 29, फेब्रुवारीचे 28, मार्चचे 31, एप्रिलचे 2. बरोब्बर 90. मी स्वतःवर खूश होते.

विसरले काय, तर दिवाळीच्या आधीचं पॅरिस. मुलीबरोबर 23 ते 28 ऑक्टोबर, पाच रात्री. नवऱ्याचा व्हिसा तेव्हा आलेला नव्हता, म्हणून तो घरीच होता. पाच रात्री म्हणजे नियमाच्या हिशोबात सहा दिवस, कारण उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. रात्री बारा वाजायला दहा मिनिटं असताना उतरलात तरी तो पूर्ण दिवस.

आता ते 180 दिवस कसे मोजायचे, यातच सगळी मेख आहे. वर्षाचे दोन भाग पाडून नाही, आणि पहिल्यांदा आलात त्या तारखेपासून पुढेही नाही. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून बघायचं: आजचा धरून मागचे 180 दिवस, त्यात शेंगेनमध्ये किती दिवस होतो? 90 पेक्षा जास्त होता कामा नये. ही चौकट रोज एक घर पुढे सरकते. 2 एप्रिलला मागे बघितलं तर चौकट 5 ऑक्टोबर 2024 पर्यंत पोचते, आणि पॅरिसचे सहा दिवस तिच्या पोटात. म्हणजे माझी शेवटची तारीख होती 27 मार्च. नवरा पॅरिसला आला नव्हता, त्यामुळे त्याची 2 एप्रिल. ज्याला जन्मभर व्हिसाची कटकट, त्याच्याकडे माझ्यापेक्षा सहा दिवस जास्त! हे तो अजून नातेवाइकांना सांगतो.

"मग तू पुढे हो, मी येतो मागून," हाही एक प्रस्ताव आला. त्याचं काय झालं ते सांगायची गरज नाही.

दुसरा मार्ग होता मोरोक्कोचा. स्पेनच्या तारिफाहून तिथल्या टँजियरला बोटीने तासाभरात जाता येतं, आणि शेंगेनच्या बाहेर काढलेले दिवस मोजले जात नाहीत. पण इथे बरेच जण फसतात. बाहेर जाऊन आल्याने घड्याळ थांबतं, शून्यावर येत नाही. शिवाय जायचा आणि यायचा दिवस शेंगेनमध्येच धरला जाणार, म्हणजे सहा दिवस वाचवायला मधे सहा पूर्ण दिवस बाहेर काढायचे: 14 ला जा, 21 ला या. मला मोरोक्कोला व्हिसा लागत नाही. नवऱ्याकडे तो नव्हता. विषय संपला. आणि सेउता आफ्रिकेत असलं तरी ते स्पेनच आहे, तिथे जाऊन काही उपयोग नाही.

शेवटी बोट बदलली. 26 मार्चची मिळाली, भाड्यातला फरक आणि वर बदलाची फी भरून. 27 चीही मिळाली असती तरी मी घेतली नसती. बोट रद्द झाली, गाडी बंद पडली, तर हातात एक दिवस हवा. अगदी 90 व्या दिवशी निघणं नियमात बसतं, शहाणपणात नाही.

मुदत ओलांडली तर काय? स्पेनच्या कायद्यात 501 ते 10,000 युरो दंडाची तरतूद आहे, आणि प्रवेशबंदीही होऊ शकते. एक दिवसाला कोणी काही म्हणत नाही, असं सांगणारे भेटतात. एखादा अधिकारी खरंच सोडून देतो, पण ती त्याची मर्जी, तुमचा हक्क नाही. मुदतीच्या आत दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर कागद घेऊन मुदत संपायच्या आधीच तिथल्या पोलीस किंवा इमिग्रेशन कचेरीत जायचं. संपल्यावर सीमेवर रडून सांगण्यात आणि आधी जाऊन सांगण्यात फार फरक पडतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी, म्हणजे हे वाचणाऱ्या बहुतेकांसाठी, वेगळी गोम आहे. स्टिकरवर दोन गोष्टी असतात: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आणि मुक्कामाचे दिवस. तारखा सहा महिन्यांच्या आहेत म्हणून सहा महिने राहता येत नाही. दिवसांच्या रकान्यात 20 असेल तर 20 च. दोन्हींपैकी जे आधी संपेल ते खरं. आणि ब्रिटिश नवरा किंवा बायको असल्याने व्हिसात आता काही सवलत मिळत नाही. तीही 2020 बरोबर गेली.

लिस्बनला मार्तीम मोनीझ चौकापाशी डाळ-तांदूळ भरताना स्विंडनच्या माझ्या म्हापसेकर मैत्रिणीची आठवण आली. तिचे वडील 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यामुळे तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तिला ना 90, ना 180. ब्रेक्झिटच्या वेळी आम्ही तिची कीव करत होतो, कारण इंग्लंडमध्ये राहण्यासाठी अर्ज तिला करावा लागला होता. आता फोनवर ती आमची करते.

शेंगेनमध्ये काय येतं तेही नीट बघा. आयर्लंड नाही, सायप्रस नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड युरोपीय संघात नसूनही आहेत. क्रोएशिया 2023 पासून आहे. रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही 1 जानेवारी 2025 पासून उघडल्या, त्यामुळे तिथे जाऊन दिवस वाचवायची जुनी युक्ती आता चालत नाही. स्पेनमधून पोर्तुगालमध्ये शिरताना तर बादाखोसच्या पुढे एक निळी पाटी दिसली आणि घड्याळ तासाने मागे गेलं, इतकंच. शिक्का नाही, कोणी विचारणारं नाही. एल्वासचा दगडी जलसेतू दिसल्यावर कळलं की देश बदलला.

ब्रिटिश पासपोर्टची आणखी एक परीक्षा आहे. प्रवेशाच्या दिवशी तो काढून दहा वर्षं झालेली नसावीत, आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक हवी. सप्टेंबर 2018 आधी काढलेल्यांवर जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने चढवलेले असू शकतात. त्यांनी शेवटची तारीख बघून भुलू नये, काढल्याची तारीख बघावी. गाडी नेणार असाल तर मागे यूके अक्षरांचा स्टिकर लावा, जुना जीबी चालत नाही. आणि इंग्लंडहून मांस किंवा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मी तुपाची बरणी शेजारणीकडे ठेवून गेले. मेतकूट मात्र तीन महिने पुरलं.

26 ला सांतांदेरच्या बंदरात खिडकीतल्या पोलिसाने माझा पासपोर्ट घेतला आणि पानं उलटायला लागला. जानेवारीचा शिक्का सापडला: कोपऱ्यात स्पेनचा ई, आत जाणारा बाण, खाली बोटीचं चित्र. तरी तो थांबला नाही. मागे जाऊन पॅरिसचे दोन्ही शिक्के शोधले, कॅलेंडरकडे बघितलं, ओठ हलवत मोजलं. 83 आणि 6, 89. ठप्प. नवऱ्याच्या स्टिकरकडे एक नजर टाकली आणि ठप्प.

हे मोजणं आता माणसाकडे राहिलेलं नाही. 12 ऑक्टोबर 2025 पासून ईईएस नावाची यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि 10 एप्रिल 2026 ही ती सगळीकडे लागू करायची तारीख. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे देतात (12 वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत), आणि शिक्क्यांऐवजी ये-जा संगणकात नोंदली जाते. पुसट शिक्क्याच्या आड लपायची सोय संपली. तरी तिकिटं आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. आत आल्याची नोंद आहे आणि गेल्याची नाही, असं झालं तर तुम्ही बाहेर पडला होतात हे तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं. पुढे ईटीआयएएस ही 20 युरोची पूर्वपरवानगीही येते आहे. तिने दिवस वाढत नाहीत.

मोजायला बोटं वापरू नका. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट कॅल्क्युलेटर आहे, त्यात मागच्या सहा महिन्यांतल्या सगळ्या तारखा टाका, अगदी दोन दिवसांच्या कामाच्या फेऱ्यासुद्धा. घरी आल्यावर मी पहिलं काम तेच केलं, कारण मे महिन्यात अॅमस्टरडॅमला लग्न होतं. पॅरिसचे दिवस 21 एप्रिलपासून एकेक करून चौकटीबाहेर पडले, 26 ला सगळे गेले, आणि माझ्या खात्यात 7 दिवस जमा झाले. लग्नाला 4 वापरले. जानेवारीचे दिवस सुटायला 2 जुलै उजाडला.

नवऱ्याच्या व्हिसाची मुदत तोवर संपली होती. लग्नाला मी एकटीच गेले.