लंडन किती तासांवर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमची लेक लंडनला असते हे कळलं की बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वेचं फर्स्ट गेट उघडायची वाट बघत थांबलेला शेजारचा स्कूटरवालासुद्धा विचारतो, "काय ओ काका, किती लांब पडतंय? विमानाला किती तास?"

मुंबईहून सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. विमान ताशी 900 च्या आसपास पळतं, म्हणजे आठ तासांत पोचायला हवं. पोचत नाही. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच्या आतबाहेर. गल्लीतल्या एका निवृत्त हेडक्लार्कना हे काही केल्या पटेना. विमान तेच, गावं तीच, मग तास गेला कुठं?

गेला वाऱ्यात. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं सोसाट्याचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधीकधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. लंडनला जाताना हा वारा समोरून, परतताना पाठीमागून. शिवाय वर आकाशातही हद्दी असतात, त्यामुळं विमानाला सरळ रेषेत जाता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना चांगलाच वळसा पडला. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिकिटावरच्या वेळा बघून मात्र फसू नका. दुपारी दोनला सुटून संध्याकाळी साडेसहाला पोचणारं विमान बघून आमचे मेहुणे म्हणाले, "साडेचार तासांतच की!" दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार. मेहुण्यांचे साडेचार तास म्हणजे हिवाळ्यात खरे दहा.

आणि हा सगळा हिशेब मुंबईपासूनचा. बेळगावहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या घरात. रात्री आठची स्लीपर धरली तर निपाणी, कोगनोळीचा टोलनाका, कागल, मग रस्तारुंदीकरणाचे डायव्हर्शन करत उजाडताना मुंबई. तेही दहा तासच! पाचशे किलोमीटरला दहा आणि सात हजारांनाही दहा. माझी पाठ तरी बसच्या दहा तासांनीच जास्त दुखते. वर विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचं, तिकडं उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत उभं राहायचं. त्यामुळं कुणी विचारलं की मी "घर ते घर सव्वा दिवस" असंच सांगतो. (कुंदा बांधून द्यायच्या आधी हेही ऐका: दुधाचे पदार्थ आपल्याकडून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.)

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं मुंबई गाठली तर तास-सव्वा तासाचं काम. पण दोन तिकिटं वेगवेगळी काढलीत आणि सांबऱ्याचं विमान लेट झालं, तर लंडनचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. पैसेही बुडतात. बेळगाव ते लंडन एकाच तिकिटावर मिळत असेल तर तेच घ्या, पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी मग कंपनीची. तसं जमत नसेल, तर आदल्या दिवशीच मुंबईला जाऊन पाहुण्यांकडं मुक्काम करा.