दीडशे रुपये खुराकी आणि गड्ड्यातलं जेवण

सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या जत्रेत, तिकीट खिडकीवर बसणाऱ्याला पगाराशिवाय खुराकी, म्हणजे खाण्याचे पैसे, मिळते. आमच्या पाळणेवाल्या शेठकडे ती रोजची १५० रुपये आहे. दुपारी चारला खिडकी उघडायच्या आधी रोख हातात. बरोबरच्या बहुतेक बायका ते पैसे पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवतात आणि रात्री दहापर्यंत दोन चहा नि एका बिस्किटपुड्यावर काढतात. मला ते पटत नाही. पगार घरी न्यायचा, खुराकी खायची. आणि १५० रुपयांत सोलापुरात कुणी उपाशी राहत असेल तर तो हौसेनं राहतोय, असं माझं मत आहे.

बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात सांगते. गड्डा म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, त्यांनी गावात स्थापलेली ६८ लिंगं, सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले लोक, भोगीला संमती कट्ट्यापाशी प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम. हा होम जिथे होतो ते होम मैदान, आणि त्याच मैदानावर आकाशपाळणे, ब्रेक डान्स, टोराटोरा, मौत का कुआँ आणि खाण्याची लांबलचक ओळ लागते. धार्मिक विधी चार-पाच दिवसांत आटोपतात. पाळणे मात्र महिना संपत आला तरी फिरत असतात. मी त्या पाळण्यांच्या गड्ड्यातली. सकाळी एका कर सल्लागाराकडे कारकुनी, आणि जानेवारीत संध्याकाळी ही खिडकी. खिडकीत बाई असली की सुट्ट्या पैशांवरून भांडणं कमी होतात, असं शेठचं म्हणणं. तसं काही नसतं, पण नोकरी मिळते तर मी कशाला बोलू.

खिडकीतून समोर ब्रेक डान्स दिसतो आणि डाव्या हाताला खाण्याचे स्टॉल. त्यामुळे लोक पैसे कसे घालवतात ते मला रोज आयतं बघायला मिळतं. चौघांचं कुटुंब येतं. आल्या आल्या पोरं ताटाएवढा मोठा पापड मागतात. पन्नास रुपये. त्यात हवा किती आणि पापड किती ते तुम्हीच बघा. मग लालभडक मंचुरियन, मग थंडगार काहीतरी बाटलीतलं. हे सगळं पोटात गेलं की मग ब्रेक डान्सचं तिकीट काढायला माझ्याकडे. पुढचं वर्णन करत नाही. आमचा पोऱ्या लाकडाच्या भुशाची बादली घेऊन पायरीपाशी उभाच असतो, एवढं सांगितलं तरी पुरे. म्हणून कुणी ओळखीचं दिसलं की मी खिडकीतूनच सांगते, आधी बसा, मग खा. दहातले नऊ जण ऐकत नाहीत.

त्या लाल रंगाबद्दलही जरा बोलते. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकानं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, आणि गुलाबी कॉटन कँडीतल्या रोडामाइन-बी या रंगालाही. तो रंग मुळात कापड रंगवायचा. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, अर्ध्या गावाचं आयुष्य सूत आणि रंगात गेलंय. तेव्हापासून मी माझ्या पोराला पांढरी कॉटन कँडी घेऊन देते. तो रुसतो. रुसू दे.

आता माझ्या १५० रुपयांचं. नवीन पोरी स्वस्त म्हणून वडापाव धरतात. वीस रुपयांचा वडापाव, दहाचा चहा, झालं तीसात. पण मैदा नि बटाटा तो, सहा वाजता परत भूक. परत तीस. आठला परत. नव्वद रुपये गेले आणि नऊला समोरच्या तव्यावर पावभाजीचं लोणी वितळताना बघून उरलेले साठही जातात. रात्री घरी जाताना हातात एक रुपया नसतो नि पोटात गॅस असतो. वडापाववर माझा राग नाही, पण त्याला जेवण म्हणू नये.

माझं चारचं खाणं म्हणजे कडक भाकरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर तिच्यातलं सगळं पाणी जाईपर्यंत कडक करायची. नीट झाली असेल तर बोटानं टिचकी मारली की टण्ण वाजते. ओलावा लागू दिला नाही तर महिनाभर खराब होत नाही. इथे घराघरांत, बचत गटांत बायका करून विकतात, साधारण दहा रुपयांना एक. मी दोन घेते. बरोबर १५ रुपयांचं दही. चटणी घरची, तिचे पैसे खुराकीत धरत नाही, कारण शेंगा चटणीचा डबा आमच्या घरात मीठ-हळदीसारखा असतोच.

ही चटणी उखळात कुटलेली हवी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. बस्स. खोबरं नाही, साखर तर नाहीच नाही. कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत धरली तर गोळा होते, तेव्हा ती झाली. मिक्सरमधून फिरवलेली असते तो तिखट लावलेला कूट. त्याला चटणी म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्या घरी जेवायला जात नाही. आणि खाण्याचा विचार करायचा तर शेंगदाण्यात जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिनं असतात. खिडकीवर सहा तास बसायचं तर पोटात असं काहीतरी लागतं.

खायची पद्धत अशी. स्टीलच्या डब्यात दही ओतायचं, भाकरी मोडून तुकडे त्यात टाकायचे, वरून चटणी भुरभुरायची आणि झाकण लावून बाजूला ठेवायचं. मग पाच-सहा तिकिटं फाडायची. तेवढ्या वेळात तुकड्याच्या कडा दह्यात मऊ पडतात आणि मधला भाग अजून कुरकुरीत असतो. हीच वेळ. लवकर खाल्लं तर हिरडी सोलते, उशीर केला तर काला होतो. शनिवार-रविवारी गर्दी असते, तेव्हा मी काला खाते. इलाज नाही.

सहा-साडेसहाला उकडलेली दोन अंडी, वर मीठ-मिरी, वीस रुपये. सोमवारी नाही, सोमवारी सिद्धेश्वराचा उपवास, त्या दिवशी त्या पैशांची केळी आणि मूठभर खारे शेंगदाणे. एक चहा दहाचा. आणि जानेवारी असल्यामुळे दहा रुपयांत काय वाटेल ते फळ येतं: बोरं, पेरू, हरभऱ्याचे डहाळे. डहाळे मला सर्वांत आवडतात, कारण ते सोलत बसावं लागतं. रिकामा हात असला की माणूस समोरच्या स्टॉलकडे बघतो.

रात्रीच्या जेवणाचा शोध मला आमच्या पाळण्याच्या मिस्त्रीमुळे लागला. हा माणूस उत्तर प्रदेशातला, वर्षभर या गावाहून त्या गावी जत्रेतच असतो. मी त्याला एकदा विचारलं, तुम्ही लोक कुठल्या स्टॉलवर खाता? तो हसायलाच लागला. "भाभी, मेले का खाना मेले वाला नहीं खाता." ही सगळी पोरं जनरेटरच्या मागे स्टोव्हवर आपापलं शिजवतात. लक्ष्मी मंडईतून संध्याकाळी उतरत्या भावात भाजी आणायची, आणि बटाटा-मटार-गाजर घालून कुकरमध्ये पिवळा भात लावायचा. तहरी म्हणतात ते. एकदा मला वाटीभर दिली. चांगली होती, पण त्यात तिखट म्हणून काही नव्हतं. मी माझी चटणी पुढे केली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं डबाच मागितला.

आणि ज्या दिवशी स्टोव्ह पेटत नाही, त्या दिवशी हीच पोरं मैदानाबाहेर पंचकट्ट्याच्या बाजूला एका मावशीकडे जातात. तिथे पाटी नाही, दिव्यांची माळ नाही. एक चूल, एक गॅस, दोन बाकडी. जेवायला कोण? फुगेवाला, बंदोबस्तावरचे पोलीस, मौत का कुआँतला मोटारसायकलवाला. जत्रेत कुठे खावं हे ओळखायचं असेल तर विकणारे कुठे खातात ते बघा, आपल्यासारख्या बघ्यांची गर्दी बघू नका.

मावशीची ज्वारीची गरम भाकरी १५ रुपये. बरोबर पिठलं नाहीतर शेंगाची पातळ भाजी, तीस. शेंगाची भाजी म्हणजे शेवग्याची समजू नका, आमच्याकडे शेंगा म्हणजे भुईमुगाच्या. दाण्याचा कूट, लसूण, काळं तिखट, आणि वर लाल तर्री. भाकरी मालदांडीची असते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मावशीला त्याचं काही देणंघेणं नाही. ती पीठ मळताना परातीत एक चिमूट उचलून जिभेवर ठेवते आणि जुनं पीठ असेल तर पोराला शिव्या घालते.

"आज उशीर केलीस की गं," ती म्हणते.

"शनिवार आहे मावशी. ब्रेक डान्सला रांग होती."

"एक खातीस का दोन?"

"एकच."

"एकानं काय होतंय? अर्धी घे वर, पैसे नको देऊ." आणि ताटात अर्धी भाकरी, कांदा फोडून, वर ठेचा. हा संवाद रोजचा आहे. अर्ध्या भाकरीचे पैसे ती घेत नाही, म्हणून मी तिच्या नातीला टोराटोरात फुकट बसवते. शेठला माहीत आहे. तोही तिथेच जेवतो.

एवढं सगळं जेवून १२० होतात. उरले तीस. ते हौसेचे, आणि ते मी रोज वेगळ्या गोष्टीवर घालवते. नियम एकच, जे वर्षभर कुठेही मिळतं ते घ्यायचं नाही. आइस्क्रीम नवी पेठेत बाराही महिने आहे. पण गोडी शेव, भेंड-बत्तासे, गुळाची रेवडी जत्रेतच चांगली. जिलेबी कढईतून पाकात आणि पाकातून थेट कागदावर पडते तेव्हाच घ्यायची, ढिगातली नाही. शंभर ग्रॅम पुष्कळ होते. दोनेक दिवसांचे पैसे साठवले तर हुरडा. मैदानात नाही मिळत, मंडईकडून येताना कणसं आणायची. मग मिस्त्रीची पोरं जनरेटरमागे गोवऱ्यांचा आर करतात, कणसं त्यात भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. हात पोळतो, पण कणीस गार झालं की दाणा सुटत नाही. हिरवे, मऊ, जरा धुरकट दाणे, त्यावर परत तीच शेंगा चटणी. बिहारचा एक पोरगा पहिल्यांदा खाऊन म्हणाला, हे तर कच्चं आहे. चौथ्या कणसाला गप्प झाला.

भोगी आणि संक्रांत या दोन दिवसांत खुराकी जवळपास शिल्लकच राहते. भोगीला सासूबाई डबा भरून देतात, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा घातलेली भाजी. संक्रांतीला शेंगापोळी. शिवाय ओळखीचं जो कोणी तिकीट काढतो तो तिळगूळ हातावर ठेवतो. रात्रीपर्यंत गल्ल्यात नोटांना तीळ चिकटलेले असतात.

आमच्या पुण्याच्या नणंदबाई मुलांना घेऊन येतात. त्यांचं म्हणणं, तिकडच्या मोठ्या पार्कांत गेटवरच डबा काढून घेतात, मग आत जे मिळेल ते मिळेल त्या भावात खावं लागतं. तिथे जायचं तर काय करावं? मी सांगितलं, गाडीतच दहीभात नाहीतर धपाटे पोटभर खायचे आणि मग आत शिरायचं, आत दुपारी एकदाच बसून जेवायचं, तुकड्या-तुकड्यानं काही घ्यायचं नाही. तुकड्या-तुकड्यातच पाकीट रिकामं होतं. इथे मात्र होम मैदानाला डबा तपासणारा कुणी नाही. चौघांचं कुटुंब असेल तर घरून निघताना जेवून निघा, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, पिशवीत चार कडक भाकऱ्या आणि चटणीची पुडी टाका. मग दोनशे रुपये फक्त हौसेला ठेवले तरी पोरं खूश राहतात. नणंदबाईंनी यंदा ऐकलं. पापड मात्र घेतलाच, पोरांनी फोटो काढले आणि अर्धा मला आणून दिला.

जमत असेल तर संक्रांतीनंतरच्या मधल्या वारी या, सोमवार ते गुरुवार. गर्दी नसते, स्टॉलवाले स्वतःहून भाव उतरवतात, आणि शेवटच्या आठवड्यात तर गोडी शेव अर्ध्या किमतीत देऊन टाकतात, पुढच्या गावाला ओझं नको म्हणून. मावशीकडे जायचं असेल तर पंचकट्ट्याकडे बाहेर पडून चुलीचा धूर शोधा. नऊच्या आत पोचा. नंतर पिठलं संपतं, शेंगाची भाजी तेवढी मिळते.