६९३ जीबी रिकामे, तरी सी ड्राइव्ह भरलेला

लॅपटॉपमधली २५६ जीबीची जुनी एसएसडी काढून तिथे १ टीबीची बसवली. जुनीचा क्लोन नवीवर आधीच उतरवून ठेवला होता, त्यामुळे विंडोज लगेच सुरू झालं आणि सगळं जिथल्या तिथे दिसलं. डेस्कटॉपवरचा पसारासुद्धा. सी ड्राइव्हची पट्टीही पूर्वीसारखीच लाल! क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल. जुन्या डिस्कवर पार्टिशनं (डिस्कचे वेगळे पाडलेले भाग) जेवढी होती तेवढीच नवीवर आली आणि उरलेली जागा कुणाच्याच वाट्याला आली नाही. काही क्लोनिंग सॉफ्टवेअर नक्कल करतानाच पार्टिशन मोठं करून देतात. मी वापरलेल्यात ती सोय नव्हती.

विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं की खालच्या भागात डिस्कचा आडवा नकाशा दिसतो. माझ्याकडे डावीकडे विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्सचं १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन, मग २३७ जीबीचा सी, त्याला खेटून अर्ध्या-पाऊण जीबीचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी लागणारं) आणि त्यापुढे डोक्यावर काळी पट्टी असलेला, मोकळ्या जागेचा लांबलचक चौकोन: ६९३ जीबी, अनअ‍ॅलोकेटेड. (बेरीज १ टीबी भरत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे ९३१ जीबी दिसतात.)

सीवर राइट क्लिक केलं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट. दाबताच येईना. खरी अडचण इथे होती. विंडोजला पार्टिशन वाढवायचं असेल तर मोकळी जागा त्याच्या लगेच उजवीकडे, अगदी चिकटून असावी लागते. डिस्कवर इतरत्र कितीही जागा असली तरी उपयोग नाही. घराशेजारचा मोठा प्लॉट आपलाच असावा, पण मधली अरुंद बोळ दुसऱ्याच्या नावावर असावी, तसा प्रकार. माझ्याकडची बोळ म्हणजे ते रिकव्हरी पार्टिशन.

यावर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्या ६९३ जीबीचा नवा डी ड्राइव्ह करायचा आणि फोटो, व्हिडिओ, डाउनलोड तिकडे हलवायचे. बहुतेकांना मी हाच सुचवेन. त्यात काही मोडण्याची शक्यता जवळपास नाही. वेगळं अक्षर नको असेल तर ते पार्टिशन सीमधल्या एखाद्या रिकाम्या फोल्डरलाही जोडता येतं, मग वापरताना ते साध्या फोल्डरसारखंच वाटतं. पण माझा सी भरला होता तो प्रोग्रॅम्समुळे आणि त्यांचा डेटा साठवणाऱ्या अ‍ॅपडेटामधल्या पसाऱ्यामुळे. ती मंडळी मुकाट्याने सीवरच घर करतात. म्हणून सीच वाढवायचा ठरवलं.

आता रिकव्हरी पार्टिशनचं काय करायचं? पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड हे पार्टिशनं हलवणारं टूल सुरू करून ते ओढून डिस्कच्या शेवटाला नेता येतं. अर्ध्या जीबीचा मामला असल्यामुळे वेळही फार लागत नाही. पण विंडोज हे पार्टिशन डिस्कवर कुठून सुरू होतं याची नोंद ठेवतं, आणि बाहेरून हलवलं तर ती नोंद जुनीच राहून दुरुस्तीची सोय ऐन वेळी रुसून बसू शकते. फुकट म्हणून उतरवून घेतलेली काही टूल्स हे सगळं करून देण्याचं आश्वासन देतात आणि शेवटच्या ‘अप्लाय’ बटणावर पैसे मागतात. त्यापेक्षा विंडोजच्याच आज्ञांनी जुनं रिकव्हरी पार्टिशन काढायचं, सी वाढवायचा आणि शेवटाला नवं रिकव्हरी पार्टिशन बनवायचं, हा रस्ता मला जास्त पटला.

तयारीतच खरा वेळ गेला, आणि तो जाऊ द्यावा. जुनी एसएसडी जशीच्या तशी बाजूला होती, म्हणजे एक बॅकअप आयताच मिळाला. तरी कामाच्या फाइल्स वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर घेतल्या आणि त्यातल्या काही उघडून पाहिल्या. मग सीवर चेकडिस्क ही तपासणी चालवली, कारण फाइल सिस्टिममध्ये (ड्राइव्हवरच्या फाइल्सच्या मांडणीत) आधीच गडबड असेल तर तिला ताणायला जाऊ नये. त्यानंतर बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. आपण तर कधी चालू केलं नाही, असं म्हणून हे सोडून देऊ नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. माझ्याकडे होतंच. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की खात्यातून काढून कागदावर लिहून घेतली. ज्या डिस्कचं कुलूप उघडायचंय तिच्यातच किल्ली ठेवण्यात अर्थ नाही. मग बिटलॉकर बंद न करता फक्त सस्पेंड (तात्पुरतं स्थगित) केलं. सी वाढवण्यासाठी ते पूर्ण उतरवावं लागत नाही, पण बूटच्या नोंदी बदलल्या की पुढच्या वेळी लॅपटॉप की मागू शकतो.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि ‘रीएजंटसी’ या रिकव्हरी सांभाळणाऱ्या आज्ञेला ‘इन्फो’ जोडून चालवलं. दुरुस्तीची व्यवस्था चालू आहे का आणि कितव्या डिस्कच्या कितव्या पार्टिशनवर आहे, ते त्यात कळतं. उत्तर आलं, पार्टिशन ४. डिस्क मॅनेजमेंटच्या नकाशात तर ते तिसरं दिसत होतं! फरक पडतो तो मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड नावाच्या १६ एमबीच्या पार्टिशनमुळे. नकाशा ते दाखवतच नाही. नुसती बोटं मोजून पुढे गेलं तर गडबड इथेच होते.

पुढची आज्ञा ‘रीएजंटसी डिसेबल’. हिने रिकव्हरीची ‘विनआरई’ ही फाइल सीमधल्या सिस्टिम३२ च्या रिकव्हरी फोल्डरमध्ये परत येते. ती लपवलेली असते, त्यामुळे लपलेल्या आणि सिस्टिमच्या फाइल्स दाखवायला सांगून ती खरोखर आली आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घेतलं. फाइल तिथे नसेल तर पार्टिशन काढू नये. नंतर पुन्हा चालू करायला हाताशी काही उरत नाही.

डिस्क मॅनेजमेंटमधून रिकव्हरी पार्टिशन काढता येत नाही. त्यावर राइट क्लिक केलं की मदतीशिवाय काही मिळत नाही. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमधलं डिस्कपार्ट लागतं, आणि डिस्कपार्ट ‘नक्की काढू का?’ असं विचारत नाही. एंटर दाबला की पार्टिशन गेलंच. म्हणून त्याआधी एक्स्टर्नल डिस्क आणि पेन ड्राइव्ह दोन्ही उपटून ठेवले. यादीत एकच डिस्क राहिली की चुकीची डिस्क निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. डिस्क निवडली, पार्टिशनांची यादी काढून आकार ताडला, चौथं निवडलं, आणि ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’. शेवटचा शब्द नसेल तर ते संरक्षित पार्टिशनला हात लावत नाही.

नकाशा ताजा केला तर सीच्या उजवीकडे सलग काळी पट्टी, आणि एक्स्टेंड व्हॉल्यूम आता ठळक! विझार्डने पुढे केलेला सगळा आकडा स्वीकारला. एवढ्या खटाटोपानंतर प्रत्यक्ष काम एक-दोन सेकंदांत उरकलं. यात डेटा हलतच नाही. पार्टिशन टेबलमधली शेवटाची नोंद पुढे सरकते आणि नव्या जागेची गणती फाइल सिस्टिममध्ये जोडली जाते, बस. पार्टिशनची सुरुवात हलवायची असेल तेव्हा मात्र सगळा डेटा उचलून दुसरीकडे लिहावा लागतो, आणि त्यात तास जाऊ शकतात. मधेच वीज गेली तर डेटा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तशा कामाला चार्जर लावूनच बसावं.

आता नवं रिकव्हरी पार्टिशन. ते मला डिस्कच्या अगदी टोकाला हवं होतं, म्हणजे उद्या सी पुन्हा वाढवायचा झाला तर मधे येणार नाही. शिवाय थोडी जागा लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीही राखायची होती. नवं पार्टिशन मोकळ्या जागेच्या सुरुवातीला बसतं, त्यामुळे क्रम विचार करून लावावा लागला: आधी सी टोकापर्यंत वाढवायचा, मग तो फक्त १०२४ एमबीने आकसून त्या शेवटच्या तुकड्यात रिकव्हरी बसवायची, आणि मग सी आणखी १५३६०० एमबीने, म्हणजे १५० जीबीने, आकसायचा. ती जागा बरोबर दोघांच्या मधे मोकळी राहते. लिनक्स नको वाटलं तर एका क्लिकमध्ये सीला परत.

रिकव्हरीसाठी पूर्ण १ जीबी का? जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेल्या एका सुरक्षा अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांचं अपडेट अडकलं. १ टीबीच्या डिस्कवर चारशे-पाचशे एमबीची कंजुषी कशाला?

नव्या पार्टिशनला विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमने फॉर्मॅट केल्यावर दोन गोष्टी डिस्कपार्टमधूनच कराव्या लागतात. एक, त्याला रिकव्हरी प्रकाराचा ठरलेला लांब ओळखक्रमांक द्यायचा, नाहीतर विंडोज त्याला साधं डेटा पार्टिशन समजतं. दोन, ‘हे आवश्यक आहे आणि याला अक्षर देऊ नये’ असा गुणधर्म लावायचा. दोन्ही संख्या मायक्रोसॉफ्टच्या सूचनांमधून कॉपी कराव्यात, हाताने टाइप करायच्या भानगडीत पडू नये. हे झाल्यावर ‘रीएजंटसी एनेबल’, पुन्हा ‘इन्फो’, आणि शिफ्ट दाबून धरत रीस्टार्ट करून दुरुस्तीचा निळा पडदा येतो का ते पाहिलं. आला. मग बिटलॉकर पुन्हा चालू. सी आता ७८० जीबीचा दिसतो.

आकसणं मला इतकं सहज जमलं त्याचं कारण वाढवलेला भाग अजून कोरा होता. बरेच दिवस वापरलेल्या ड्राइव्हवर असं होत नाही. निम्मा ड्राइव्ह रिकामा असतो आणि विंडोज सांगतं, फार तर चार-पाच जीबी काढता येतील. पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी), हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती आणि एनटीएफएसची मुख्य सूची यांना चालू विंडोज हलवू शकत नाही, आणि यातली एखादी ड्राइव्हच्या मध्यावर बसलेली असली की आकसणं तिथेच थांबतं. कोणती फाइल आड आली ते विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, अ‍ॅप्लिकेशन लॉगमधल्या २५९ क्रमांकाच्या नोंदीत सापडतं. ही नोंद फार थोड्यांना ठाऊक असते, आणि लोक उगाच डीफ्रॅग करत बसतात. हायबरनेशन आणि पेजफाइल तात्पुरते बंद करायचे, रिस्टोअर पॉइंट काढायचे, रीस्टार्ट करून आकसायचं आणि मग सगळं पूर्ववत करायचं. एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

माझी डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीने विभागलेली होती, त्यामुळे पार्टिशनांच्या संख्येची चिंता नव्हती. डिस्कपार्टच्या यादीत जीपीटीच्या रकान्यात चांदणी दिसली की ती जीपीटी. जुन्या एमबीआर पद्धतीत प्रायमरी पार्टिशनं चारच होतात आणि साधारण २ टीबीपलीकडची जागा हाती लागत नाही. तशी डिस्क असेल तर हे सगळं करण्याआधी तिचं रूपांतर करावं.

मधल्या १५० जीबीत लिनक्स टाकताना एक्सटी४ ही फाइल सिस्टिम घेणार आहे. ती चालू असतानाही वाढवता येते आणि अनमाउंट (वापरातून बाजूला) करून आकसताही येते. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम नुसती वाढते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप मात्र त्याआधी बंद करायचंय. ते चालू असलं की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, आणि अशा अर्धवट झोपलेल्या सीवर लिनक्समधून काही लिहिलं तर फाइल्सची वाट लागते.