पाठी शाबूत, पुस्तकं फस्त

रत्नागिरीकडचं एक खोताचं घर. सात सागवानी कपाटं, साधारण तीन हजार पुस्तकं, सगळी आजोबांनी जमवलेली. प्रत्येकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तारीख, किंमत आणि कुठून घेतलं ते. नातवाला त्यातली 'दुर्मीळ तेवढी' वेगळी काढून हवी होती. असं सांगणाऱ्यांना बाकीची रद्दीत घालायची असतात.

पाच कपाटांत कसर किरकोळच लागलेली. सहावं काचेतून तर फारच देखणं दिसत होतं, सोनेरी अक्षरांची अख्खी रांग. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलून मधलं पाठीच्या दोन्ही बाजूंनी धरलं (वरच्या टोकाला बोट अडकवून ओढलं की पाठ फाटते) आणि हातात आली एक हलकी पेटी. आत माती. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा नको असते, म्हणून ती बाहेरचं कवच राखते. जांभ्याच्या भिंतीतून कपाटाच्या मागच्या फळीत, तिथून पुस्तकात. सहाव्या-सातव्यात मिळून अशी 41.

आजोबांनी कपाटं भिंतीपासून वीतभर लांब आणि पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. पाच अजून तशीच आहेत. ही दोन टीव्हीला जागा हवी म्हणून भिंतीला टेकवलेली.

"हा कचरा जाळून टाकू," घरचे म्हणाले. मी हट्टाने थांबवलं. पान गेलं तरी पाठीवरचं नाव आणि पुठ्ठ्यावरची नोंद शिल्लक होती. आजोबांच्या वहीशी ताडून पाहिलं तर 41पैकी 38 ओळखू आली. मऊ ब्रशने माती झाडून फोटो काढले आणि एकेक कवच वेगळ्या कागदात गुंडाळलं.

भुंगेऱ्याची भोकं असलेली पुस्तकं पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद केली आणि उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवली. डीप फ्रीझर मासळीवाल्याकडचा, पण धुऊन रिकामा करून घेतलेला. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर दव थेट कागदावर बसतं.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची दुसरी आवृत्ती बचावली होती, पानं अजून लवचीक. शेजारच्या 1920नंतरच्या कादंबऱ्यांचे कोपरे दुमडताच तुटत होते. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदातलं आम्ल. कोशाचा खरा घात मात्र बाइंडरने केला होता. नवी बांधणी करताना कडा यंत्रावर छाटल्या, त्यात समासातली आजोबांची टिपणं अर्धी गेली. वर खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. किडे लांब राहतात खरे, पण तांब्याने कागद कालांतराने तपकिरी होऊन ठिसूळ पडतो. आपल्याकडे अजून शाबासकी मिळते ती चकचकीत पुठ्ठ्यालाच.

दोन्ही कपाटं भिंतीपासून ओढून घेतली, मागच्या फळ्या बदलायला सांगितल्या. टीव्ही आता खिडकीत आहे. वहीतली तीन नावं अजून कुठल्याच कवचाशी जुळत नाहीत आणि तीन कवचांच्या पाठीही कोऱ्या आहेत. तीच ती असावीत असं मनात येतं, पण यादीत तसं लिहिलेलं नाही.